बग्ग्यांचे नकाशे व ते काढणारे हात

फिटन, लँडो, व्हिक्टोरिया, शिगराम, टमटम हे शब्द आपल्या जुन्या कादंबऱ्यांत आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून सापडतात. गाड्या मात्र गेल्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया तेवढ्या बराच काळ तग धरून होत्या. त्यांनाही २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविले आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो या गाड्यांच्याही आधीचा आहे. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी ती कागदावर यावी लागे. श्रीमंतांच्या बग्ग्यांचे असे पुष्कळ नकाशे युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांनी जपून ठेवले आहेत. ते पाहून माणूस म्हणतो, काय सुरेख चित्र आहे! आम्ही कामगार चळवळीतले. आम्हांला प्रश्न वेगळाच पडतो. हे काढले कोणी? ते वाचता कोणाला येत होते? आणि ज्याला येत नव्हते, पण ज्याने गाडी केली, त्याचे काय झाले?

कामगार संघटनेच्या माणसाने राजेरजवाड्यांच्या वाहनांवर का बोलावे, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर पुढे ओघात येईल.

प्रथम हे चित्र कसे असते ते सांगतो. कागद बहुधा फिकट रंगाचा. त्यावर गाडी एका बाजूने दाखविलेली. घोडा नाही, सारथी नाही, रस्ताही नाही; नुसती गाडी अधांतरी उभी. प्रमाण साधारणपणे एका फुटास एक इंच किंवा त्याच्या आसपास. चाकांचे घेर कंपासने काढलेले, आरे पट्टी लावून ओढलेले, आणि ते इतके बारीक की डोळा जवळ न्यावा लागतो. बसायच्या डब्याच्या फळीवर जलरंगाचा गडद निळा किंवा तांबूस थर, आणि व्हार्निशची चमक दिसावी म्हणून त्यावर डिंकाचे पाणी फिरविलेले. आत गादीच्या कापडाची छटा, दाराची मूठ, दिवा. गिऱ्हाईक दुकानात आले म्हणजे त्याच्यासमोर हे चित्र ठेवीत. गाडीचा डौल बाजूनेच दिसतो, म्हणून चित्रही बाजूचेच.

परंतु या चित्रावरून गाडी करता येत नाही. हे चित्र पैसे देणाऱ्यासाठी असते. करणाऱ्यासाठी दुसरा नकाशा लागतो, आणि आमच्या आजच्या विषयाचा गाभा त्या दुसऱ्या नकाशात आहे.

पहिल्या प्रकारच्या चित्राने काय होते याचे सर्वांत भव्य उदाहरण इंग्लंडच्या राजाची सोन्याची बग्गी. तिसऱ्या जॉर्जसाठी ती १७६२ साली पुरी झाली. आराखडा विल्यम चेंबर्स या वास्तुशिल्पज्ञाचा, मूर्ती जोसेफ विल्टन या शिल्पकाराच्या, फळ्यांवरील चित्रे चिप्रियानी या इटालियन चित्रकाराची, आणि गाडी प्रत्यक्ष बांधणारा सॅम्युएल बटलर. साडेसात हजार पौंडांहून अधिक खर्च आला. लांबी २४ फूट, वजन सुमारे ४ टन, ओढायला ८ घोडे. त्यात समुद्रदेव आहेत, ताडाची झाडे आहेत, मुकुट धरणारी मुले आहेत. नाही ती फक्त आरामाची बैठक. डबा चामड्याच्या पट्ट्यांवर लोंबकळतो आणि होडीसारखा हेलकावे खातो. १८३१ पासूनच्या प्रत्येक राज्याभिषेकाशी ही गाडी जोडलेली आहे. २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सनेही ती वापरली. त्याची आई राणी एलिझाबेथ हिने १९५३ साली तिच्यातून प्रवास केला होता आणि तो अनुभव भयंकर होता असे पुढे २०१८ साली तिने स्पष्टच सांगितले. चित्रकार आणि शिल्पकार यांनी मिळून गाडी काढली, म्हणजे असे होते. त्यांना गाडी दिसत होती. तिचे चालणे दिसत नव्हते. बटलरला ते दिसत असणार. पण राजाच्या चित्रात गाडीवाल्याने किती बोलावे याला त्या काळी मर्यादा होती.

त्याच शतकाच्या अखेरीस मात्र लंडनमध्ये असा एक मनुष्य आला की जो खोगीर शिवता शिवता नकाशाकार झाला. रुडॉल्फ आकरमन हे त्याचे नाव. जन्म १७६४, जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात; बाप खोगीर-लगाम करणारा. मुलगाही त्याच धंद्यात उमेदवार म्हणून लागला. कामाच्या शोधात गावोगाव फिरत तो पॅरिसला गेला, तेथे गाड्यांचे नकाशे काढण्यात हात बसला, आणि १७८७ च्या सुमारास लंडनला पोहोचला. त्याने बग्ग्यांच्या आराखड्यांची पुस्तके छापली. १७९० साली आयर्लंडच्या इंग्रज सुभेदारासाठी जी बग्गी झाली तिचा आराखडा याचा. तिची किंमत सात हजार पौंडांच्या जवळपास गेली. १८०६ साली नेल्सन या दर्यासारंगाचे शव ज्या रथातून नेले त्याच्या रचनेतही याचा हात होता. पुढे तो मोठा प्रकाशक झाला आणि इंग्रजी कलाजगतात त्या नावाला वजन आले.

आज मात्र हे नाव भलत्याच कारणासाठी टिकून आहे. मोटार दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही शिकलेल्या कारागिराला विचारा. वळताना पुढची दोन चाके वेगवेगळ्या कोनांत का वळतात, तर तो सांगेल ‘आकरमन’ पद्धत. आतल्या चाकाला लहान वर्तुळात फिरायचे असते, बाहेरच्याला मोठ्या. म्हणून आतले जास्त वळले पाहिजे. युक्ती अस्सल आहे, पण ती आकरमनची नव्हे. म्युनिकच्या गेओर्ग लँकेनस्पर्गर या गाडीकाराने ती काढली. आकरमनने १८१८ साली इंग्लंडात तिचे पेटंट आपल्या नावावर घेतले, तो त्याचा तिकडचा मुखत्यार म्हणून. मुखत्याराचे नाव जगभर झाले, कारागिराचे नाव पुस्तकांच्या तळटीपेत गेले. यात आकरमनने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. तो स्वतः कारागिराचाच मुलगा होता. जगाची रीत अशी की कागद ज्याच्या नावावर, काम त्याच्या नावावर.

आता त्या दुसऱ्या नकाशाकडे वळू.

बग्गीचे दोन भाग समजा: वरचा बसायचा डबा आणि खालचा साटा, म्हणजे आस, चाके, कमानी यांची जोडणी. लंडनमध्ये लाँग एकर नावाच्या रस्त्यावर सतराव्या शतकापासून गाडीकारांची वस्ती होती. तेथील मोठ्या कारखान्यात एक गाडी अनेक हातांतून जाई. डबा करणारा सुतार वेगळा, साटा करणारा वेगळा, चाकवाला वेगळा. मग लोहार, गाद्या-अस्तर करणारा, रंगारी, आणि दारावर घराण्याचे चिन्ह काढणारा चितारी तर निराळाच. सांगाडा ॲश लाकडाचा, फळ्या महोगनीच्या, चाकाचा तुंबा एल्मचा, आरे ओकचे. आपला सुतार बैलगाडीला बाभूळ का निवडतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही निवड समजावून सांगायला नको. रंगाचे वीसवीस थर चढत, प्रत्येक थर वाळला की घासून गुळगुळीत करीत, आणि एवढ्या कामात आठवडेच्या आठवडे जात.

या सगळ्यांत डबा करणाऱ्याचे स्थान वरचे, आणि त्याला कारण त्याची भूमिती. बग्गीचा डबा पेटीसारखा चौकोनी नसतो. तो खाली आत वळतो, आणि मध्यावर फुगून दोन्ही टोकांना निमुळता होतो. म्हणजे दाराचा खांब दोन दिशांनी बाकदार. आता गंमत पाहा. खांब वाकडा असला तरी दाराच्या बिजागऱ्या मात्र एका सरळ रेषेतच असाव्या लागतात. त्या रेषेत नसल्या तर दार उघडताना अडते, नाही तर बिजागरी मोडते. वाकड्या खांबावर सरळ रेषा कोठे सापडेल, हे लाकूड कापण्याआधी ठरले पाहिजे. बाजूच्या चित्रात ते दिसत नाही. त्यासाठी वरून पाहिलेला नकाशा, मागून पाहिलेला नकाशा, आणि ते दोन्ही एकमेकांवर चढवून काढलेल्या रेघा लागतात. कारखान्याच्या भिंतीवर एक भलामोठा काळा फळा असे. त्यावर खडूने पूर्ण मापाची गाडी काढीत. फुटाला फूट, इंचाला इंच. जागा वाचावी म्हणून बाजूचे चित्र, मागचे अर्धे चित्र आणि वरचा अर्धा नकाशा एकाच ठिकाणी, एकात एक. नवख्याला तो रेघांचा गुंता वाटे. जाणकार त्यावरून पातळ लाकडाचे फरमे कापी, आणि फरम्यांवरून सांगाडा उभा राही.

चाकांचेही तसेच. बग्गीचे चाक सपाट नसते, उथळ ताटलीसारखे बाहेर उघडलेले असते. आणि आसाची टोके किंचित खाली वाकविलेली असतात, म्हणजे खालचा आरा जमिनीवर सरळ उभा राहतो आणि भार नीट पेलतो. पुढचे चाक वळताना डब्याखाली शिरते, म्हणून ते किती वळेल याचे वर्तुळ आधी काढून डब्याचा पुढचा भाग तेवढा वर उचलावा लागतो. अनेक बग्ग्यांच्या पुढच्या अंगाला जो सुंदर बाक दिसतो तो नुसता शोभेसाठी नाही. चाकाला जागा द्यायची म्हणून तो आला, आणि पुढे लोकांना तोच सुंदर वाटू लागला.

हे ज्ञान पूर्वी बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे जाई. ते फरम्यांच्या रूपाने जपलेले असे. ज्याच्याकडे फरमे, त्याच्याकडे गाडी. का ते कोणी सांगत नसे. असेच करायचे, एवढेच. विल्यम फेल्टन या लंडनच्या गाडीकाराने १७९४ ते १७९६ या काळात दोन भागांत पुस्तक छापून गाडीच्या प्रत्येक भागाचे चित्र आणि किंमत उघड केली. गिऱ्हाइकाची फसवणूक थांबावी हा त्याचा हेतू. पण किंमत उघड झाली तरी करण्याची हातोटी अद्याप बंद पेटीत होती.

ती पेटी उघडण्याची किल्ली निराळ्याच ठिकाणी घडली. गास्पार मोंज हा फ्रान्सचा गणिती, जन्म १७४६. बाप फिरता व्यापारी. मुलाची हुशारी पाहून त्याला मेझिएरच्या लष्करी शाळेत घेतले खरे, पण कूळ हलके म्हणून अधिकाऱ्यांच्या वर्गात नव्हे. नकाशे काढण्याच्या दुय्यम कामावर. तेथे किल्ल्याच्या तटबंदीचा एक प्रश्न त्याने लांबलचक आकडेमोड टाळून नुसत्या रेघांनी सोडविला. घन वस्तूचे दोन सपाट चित्रांवरून संपूर्ण ज्ञान करून घेण्याची ही रीत इतकी उपयुक्त ठरली की लष्कराने ती बरीच वर्षे गुपित ठेवली. क्रांतीनंतर, १७९५ साली, मोंजला ती उघडपणे शिकविता आली. हलक्या कुळाचा म्हणून ज्याला नकाशांच्या टेबलाशी बसविले त्यानेच नकाशाचे शास्त्र निर्माण केले, ही गोष्ट आम्हांला फार आवडते आणि आम्ही ती संधी मिळेल तेथे सांगतो.

पॅरिसच्या गाडीकारांनी एकोणिसाव्या शतकात हेच शास्त्र डब्याच्या बाकदार खांबांना लावले. ब्रिस तोमा याने १८५८ साली पॅरिसमध्ये गाडीकारांसाठी नियतकालिक काढले; द्यूपाँ यांनी तेथे नकाशा शिकविण्याची शाळा चालविली. इंग्रज-अमेरिकन कारागीर या पद्धतीला ‘फ्रेंच नियम’ म्हणत. त्याच १८५८ साली न्यूयॉर्कमध्ये एझ्रा स्ट्रॅटन यानेही गाडीकारांचे मासिक सुरू केले आणि नव्या गाड्यांची चित्रे खेड्यापाड्यांतील कारखान्यांपर्यंत नेली. आता ‘असेच करायचे’ या ऐवजी ‘असे का’ हे सांगता येऊ लागले.

येथे एक धोका उभा राहिला आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. शास्त्र उघडे झाले म्हणजे ते सर्वांचे झाले असे नाही. मोठ्या कारखान्यात नकाशाकाराची वेगळी खोली झाली. खडूचा फळा सुतारांच्या कामाच्या जागेतून उठला आणि त्या खोलीत गेला. बाहेर आले ते तयार फरमे. ज्या सुताराचा बाप डोक्यात अख्खी गाडी घेऊन फिरे, त्याच्या हाती आता एक खांब आणि एक फरमा. शास्त्राने धंदा वर गेला, पण धंद्यातला माणूस खाली आला.

हे आम्ही केवळ पुस्तकावरून सांगत नाही. उमेदीच्या वर्षांत आम्ही एका कारखान्यात लेथवर काम करीत होतो. तेथे फोरमन ड्रॉइंगची गुंडाळी काखेत ठेवी. प्रत्येकाला त्याच्यापुरते माप चिठ्ठीवर लिहून देई. हा भाग कोठे बसतो असे विचारले तर उत्तर मिळे, तुला काय करायचे आहे? मापात चूक झाली की दंड आमचा. माप चुकीचे दिले होते की काय हे तपासायला कागद मात्र आमच्या हाती नसे. आमच्यापैकी चौघांनी मग रात्रशाळेत जाऊन ड्रॉइंग वाचायला शिकून घेतले. पुढच्या वेळी दंड लागला तेव्हा आम्ही कागद मागितला, आणि दंड मागे घ्यावा लागला. आमच्या संघटनेची पहिली सभासद-नोंदणी त्या आठवड्यातली आहे. असो.

न्यूयॉर्कची हकीकत याच प्रश्नाची आहे. ब्रूम स्ट्रीटवरचा ब्रूस्टर कारखाना हा अमेरिकेतील श्रीमंत बग्ग्यांचा सर्वांत नामांकित कारखाना. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने युरोपियनांच्या घरी जाऊन सुवर्णपदक मिळविले, आणि हेन्री ब्रूस्टरला फ्रेंच सरकारचा बहुमानही मिळाला. चेहरामोहरा तर त्याने लंडनकडूनच घेतला होता. इतका, की ज्या चौकाच्या आसपास १८७४ नंतर हा कारखाना आणि इतर गाडीकार होते त्या चौकाला लंडनच्या रस्त्यावरून लाँगएकर चौक म्हणत. १९०४ साली त्याचे नाव बदलून टाइम्स स्क्वेअर ठेवले. आज तेथे दिव्यांच्या जाहिराती पाहायला लोक जातात.

या कारखान्यात १८७० च्या सुमारास भागीदार ब्रिटन यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. नफ्याचा दहावा हिस्सा कामगारांना, ज्याच्या त्याच्या पगाराच्या प्रमाणात, वाटून द्यायचा. प्रत्येक खात्याने आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी कामाच्या नियमांत भाग घ्यायचा. त्या काळी ही मोठी उदार गोष्ट होती, आणि ब्रिटन यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. दोन वर्षे वाटप झालेही. मग १८७२ चा उन्हाळा आला. न्यूयॉर्कमधील बांधकाम कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप पुकारला. तो पसरत पसरत सुमारे एक लाख लोकांपर्यंत गेला. ब्रूस्टरच्या लोकांपुढे प्रश्न पडला. नफ्याचा हिस्सा घेऊन दहा तास काम करायचे, की हिस्सा सोडून आठ तासांसाठी बाहेर पडायचे? बहुसंख्य लोक बाहेर पडले. त्या वर्षीचा हिस्सा बुडाला, योजना बंद झाली, आणि आठ तासही मिळाले नाहीत. जुन्याच अटींवर लोक परतले.

नफ्याच्या भागीदारीवर लिहिणाऱ्या पुष्कळांनी हे उदाहरण कामगारांच्या कृतघ्नपणाचे म्हणून दिले आहे. दिसायला ते तसे आहे खरे. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागले, असे आपल्याकडेही म्हणतील. आमचे मत वेगळे आहे आणि ते अनुभवातून बनलेले आहे. नफ्याचा हिस्सा वर्षातून एकदा येतो, आणि तो देणाऱ्याच्या वहीतल्या आकड्यांवर अवलंबून असतो. दोन तास रोज येतात. दहा तास रंधा मारून आलेल्या माणसाला घरी भाकरी आणि झोप यांपलीकडे काही उरत नाही. ब्रूस्टरच्या कामगारांनी शेजारच्या गवंड्याची साथ सोडली नाही, ही गोष्ट तर वेगळीच. त्यांना दरमहा काही कमी पडत होते असे नाही. ते त्या शहरातील सर्वांत कुशल, बऱ्या पगाराचे कारागीर होते. तरीही त्यांनी पैसा सोडून वेळ मागितला. त्यांनी काय मागितले हे नीट पाहिले तर कृतघ्नपणा हा शब्द जिभेवर येत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संप करताना त्यांनी योजनेतील आपले प्रतिनिधी, आपला नियमांतला आवाज, हेही एका दिवसात सोडून दिले, आणि ते परत मिळवायला पुढे पुष्कळ वर्षे गेली असती. हातातली जागा न सोडता लढता आले असते काय, यावर आमच्या संघटनेच्या वर्गात आम्ही तासन् तास वाद घातला आहे. तरुण मंडळी एका बाजूला असतात, संसारी मंडळी दुसऱ्या.

याच १८७२ साली अमेरिकेतील गाडी-कारखानदारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मालकांना लवकरच एक अडचण दिसू लागली: नकाशा वाचणारे कारागीरच मिळेनात. युरोपातून शिकून आलेले थोडे, आणि उमेदवारीची जुनी पद्धत मोडत चाललेली. तेव्हा १८८० साली या संघटनेने न्यूयॉर्कमध्ये गाडीचे नकाशे शिकविणारी शाळा काढली. तिला सुरुवातीला मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाचा आश्रय होता. ग्रिबन हे पहिले शिक्षक. वर्ग संध्याकाळचे, कारण शिकणारे दिवसा कारखान्यात. म्हणजे जी संध्याकाळ १८७२ साली मागून मिळाली नव्हती, तीच आता मालकांच्या गरजेसाठी विद्यार्थ्याने आपल्या झोपेतून काढून द्यायची! तरीही लोक आले. दहा तास काम करून, हात धुऊन, कंपास घेऊन बसले. डबा करणारे सुतार, साटा करणारे, लोहार, रंगारी. ज्या भिंतीवरचा फळा त्यांच्यापासून उचलून नेला होता, तो त्यांनी असा परत मिळविला.

१८९२ पासून ही शाळा अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडे आली. हे स्वतः डबे करणारे कारागीर. पॅरिसला जाऊन द्यूपाँच्या शाळेत शिकून आलेले. त्यांनी टपालाने शिकविण्याची पद्धत नेटाने चालविली. दूरच्या गावातील कारागिराने धडा मागवायचा, नकाशा काढून पाठवायचा, आणि तो लाल-निळ्या दुरुस्त्यांसह परत यायचा असा क्रम. शाळा मालकांनी काढली हे खरे, पण तिच्यातून बाहेर पडलेला माणूस मालकाने सांगितले तेवढेच जाणणारा राहिला नाही. पुढे अमेरिकेत मोटारी आल्या, तेव्हा मोटारीचे अंग काढणारे पहिल्या पिढीतील अनेक नकाशाकार याच वर्गांत शिकलेले होते. लाकडाच्या खांबाच्या जागी पत्रा आला. दार मात्र तसेच वाकड्या खांबावर सरळ बिजागरीने लावायचे होते.

इंग्लंडमध्ये काय झाले ते थोडक्यात सांगतो. तेथील गाडीकार कारागिरांची संघटना १८३४ इतकी जुनी. १९१९ साली ती वाहन बांधणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि १९७२ साली वाहतूक कामगारांच्या मोठ्या संघटनेत मिळाली. घोडा गेला, बग्गी गेली, पण चामड्याच्या पट्ट्यांपासून मोटारीच्या कारखान्यापर्यंत एकच सलग धागा राहिला. आम्हांला बग्ग्यांचा हा सगळा इतिहास प्रथम त्या बाजूनेच लागला.

आणि आपल्याकडे? न्यूयॉर्कची शाळा निघून चार वर्षे झाली होती तेव्हा, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, अशा त्या सभांतील मागण्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी केला. साप्ताहिक सुटी मिळायला १८९० उजाडले. सूर्यास्ताला थांबा! म्हणजे संध्याकाळसुद्धा मागितली नव्हती. अंधार पडल्यावर तरी सोडा, एवढेच. त्याच मुंबईत गिरणीमालकांच्या बग्ग्या बँडस्टँडवर हवा खायला उभ्या राहत. त्यांपैकी एखादीचे चाक मोडले तर ते बसविणाऱ्या इथल्या सुताराला ते ताटलीसारखे का उघडले आहे हे कोणी शिकविले नव्हते. तो जुने चाक पुढ्यात ठेवून नवे करी. आपल्या देशी कारागिराला नक्कल छान येते, असे म्हणणारे साहेब पुष्कळ होते. नकाशा न दाखविता दुसरे काय येणार?

ब्रूस्टर कारखाना पुढे मोटारींची अंगे करू लागला आणि १९३७ साली दिवाळे निघून बंद पडला. त्याआधी, १९२३ साली, विल्यम ब्रूस्टर यांनी कारखान्यातील बग्ग्यांचे नकाशे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देणगी दिले. ज्या संस्थेने १८८० साली संध्याकाळच्या वर्गाला आश्रय दिला होता तिच्याच कपाटात ते गेले. आज ते संगणकावर घरबसल्या पाहता येतात आणि श्रोत्यांनी ते अवश्य पाहावे. चाकांचे आरे मोजावे, डिंकाची चमक पाहावी, पुढच्या चाकाला दिलेली जागा पाहावी. बहुतेकांवर क्रमांक आहे. निर्मात्याच्या रकान्यात कारखान्याचे नाव आहे. काढणाऱ्याचे नाव बहुधा नाही.

देणगी दिली त्या काळात, त्याच धंद्यासाठी, जॉन्सन यांच्याकडे टपालाने धडे येतच होते. त्या कागदांवर आता बग्गी नसे, मोटार असे. बाजूचे चित्र, मागचे अर्धे, वरचे अर्धे, एकात एक. आणि कोपऱ्यात धडा पाठविणाऱ्या कारागिराने आपल्या हाताने लिहिलेले स्वतःचे नाव.